एअर सस्पेन्शन बसवावे का?

प्रश्न : अकोला-अमरावती रोजची ये-जा आहे. कारला बाहेरून एअर सस्पेन्शन बसवावे का?

उत्तर : याच महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंदले गेले. अशा डांबरी महामार्गासाठी हा खर्च म्हणजे निव्वळ हौस! खरी परीक्षा आडरस्त्यांवर. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा रस्ता वरखाली होतो.

हौस असेलच, तर फिटिंगकडे नीट लक्ष हवे. पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे येतात, डिकीत कॉम्प्रेसर आणि टाकी. प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की गळती समजावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फुगा कुठे घासतो का, तेही पाहावे. गाडी चालवायची उंची आधी ठरवावी आणि अलाइनमेंट त्याच उंचीवर करावे, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून कॉम्प्रेसरला वारा लागू द्यावा. पावसाळ्यात टाकीतले पाणी वरचेवर काढावे.

मात्र मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना आडकाठी करते. त्यामुळे पैसे मोजण्याआधी आरटीओत विचारावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे.