नांगरलेल्या जहाजावरील हिंवाळा

भूगोलाच्या तासास ध्रुवप्रदेशाचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, “सर, समुद्र गोठला म्हणजे जहाज चालत नाहीं, हें समजलें, परंतु आंतील माणसें तितके महिने करीत तरी काय?” पाठ्यपुस्तकांत प्रवासाची दिशा, अक्षांश व रेखांश दिलेले असतात, जहाज थांबलें कीं पुस्तकही थांबतें. म्हणून ह्या मार्मिक प्रश्नाचें उत्तर येथें जरा विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८१९ सालच्या मे महिन्यांत ‘हेक्ला’ व ‘ग्रायपर’ हीं दोन जहाजें इंग्लंडाहून निघालीं. अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागरास जाण्याचा मार्ग शोधणें हा त्यांचा हेतु होता. मोहिमेचा नायक विल्यम एडवर्ड पॅरी हा अवघ्या २८ वर्षांचा होता, आणि दोन्ही जहाजांवर मिळून ९४ माणसें होतीं. ४ सप्टेंबर रोजीं त्यांनीं ११० अंश पश्चिम रेखांश ओलांडून ५,००० पौंडांचें सरकारी बक्षीस मिळविलें. परंतु लवकरच बर्फानें पुढील वाट अडविली. तेव्हां मेल्व्हिल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका उपसागरांत मुक्काम करण्याचें ठरलें. तेथील पाणीही आधींच गोठलेलें! मग सुमारें सात इंच जाडीचा बर्फ करवतींनीं कापून, ४,०८२ यार्ड लांबीचा कालवा तीन दिवसांत तयार करून, २६ सप्टेंबर रोजीं जहाजें आंत नेऊन नांगरण्यांत आलीं. त्या जागेस ‘विंटर हार्बर’ हें नांव मिळालें.

ब्रिटिश आरमारानें इतक्या उत्तरेस मुद्दाम हिंवाळा काढण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. ह्या विद्येंत कप्तानापासून खलाशापर्यंत सगळेच बिगरीच्या वर्गांतले! म्हणूनच त्यांनीं थंडी, ओल, अंधार, रोग व आळस ह्या पांच शत्रूंशीं कसा सामना केला, हें विद्यार्थ्यांनीं पाहण्यासारखें आहे.

प्रथम थंडी. पारा फारेनहाइटच्या शून्याखालीं ५० अंशांहूनही उतरला होता. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवून ठेविले, आणि तक्तपोशीवर फळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर जाड कापडाचें छप्पर घातलें. परंतु थंडी बाहेर ठेवतां ठेवतां ओल आंत कोंडली गेली. भाताच्या भांड्यावरील झांकणास आंतून पाणी सुटतें, हें आपण घरीं पाहतों. तसेंच माणसांच्या श्वासाची व अन्नाची वाफ जहाजाच्या गार भिंतींवर व बिछान्यांच्या कडांवर जमे आणि तेथेंच गोठून बर्फ होई. तो बर्फ पुनःपुन्हां खरवडून काढावा लागे. जमीन पाण्यानें धुतल्यास ओल वाढेल, म्हणून ती दगडांनीं व गरम वाळूनें घांसून स्वच्छ करीत.

नोव्हेंबरच्या आरंभीं सूर्य मावळला, तो पुन्हां दिसला ३ फेब्रुवारीस. जवळ जवळ तीन महिन्यांच्या ह्या रात्रींत मनुष्याचें मन खचूं नये म्हणून पॅरीनें दिवसाला वेळापत्रकाचा आधार दिला. अधिकारी नित्य जहाजाची व माणसांची पाहणी करीत. हवा वाईट असली कीं खलाशी हातवाद्याच्या सुरांवर तक्तपोशीवरच धांवत. ५ नोव्हेंबर रोजीं पहिलें नाटक झालें; त्यांत अधिकाऱ्यांनींच सोंगें घेतलीं. कॅप्टन एडवर्ड सॅबाइन ह्यांच्या संपादकत्वाखालीं एक साप्ताहिकही निघूं लागलें, व त्याचे २१ अंक झाले. रविवारीं उपासना चुकत नसे. शिकार मिळाल्यास तिची वांटणी अधिकारी व खलाशी ह्यांत सारखी होई. आळसाला व कुरकुरीला शिरण्यास फट कोठें राहूं नये, हाच ह्या सर्वांचा हेतु.

रोगाची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. ताज्या अन्नाच्या अभावीं होणाऱ्या स्कर्व्ही रोगांत हिरड्या सुजतात, अंग ठणकतें आणि शेवटीं प्राणही जातो. त्यावर उपाय म्हणून लिंबाचा रस बरोबर आणिला होता, व प्रत्येकानें तो अधिकाऱ्यासमक्ष पिण्याचा नियम होता. परंतु थंडीनें रस गोठून कित्येक बाटल्या फुटल्या. १८२० च्या जानेवारींत ‘हेक्ला’वरील तोफखान्याच्या एका माणसास हा रोग जडला. पॅरीनें आपल्या खोलींतील शेगडीच्या नळीलगत मातीच्या लहान पेट्या ठेवून त्यांत मोहरी व अळीव पेरिले. सहा-सात दिवसांत रोपें वर आलीं. उजेड नसल्यामुळें तीं फिकट होतीं, तरी त्यांचा गुण आला. थोड्याच दिवसांत रोगी चालूं लागला. ह्याचें कारण त्या काळीं कोणासही माहीत नव्हतें. कोरड्या बियांत नसल्यासारखें असलेलें ‘क’ जीवनसत्त्व बीं रुजतांना तयार होतें, हें पुढें विसाव्या शतकांत कळलें. आपल्या स्वयंपाकघरांतील मोहरी व अळीव ह्यांचें हें सामर्थ्य आहे!

२४ फेब्रुवारी रोजीं किनाऱ्यावरील निरीक्षणगृहास आग लागली. सॅबाइन ह्यांच्या सेवकानें एक मौल्यवान यंत्र वांचविण्यासाठीं तें उचलून बाहेर धांव घेतली. परंतु घाईंत हातमोजे घातले नाहींत. नंतर त्याचे हात थंड पाण्यांत बुडविले, तों हातांच्या गारठ्यानें त्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. त्याचीं कित्येक बोटें कापावीं लागलीं. त्याच्या स्वामिनिष्ठेपुढें आम्ही मान लववितों. तरी बाळगोपाळांस एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं: हातमोजे घालण्यास लागणारे चार क्षण हेंही त्या ठिकाणीं कर्तव्यच होतें.

१ ऑगस्ट १८२० रोजीं जहाजें बर्फांतून सुटलीं. पश्चिमेचा मार्ग तरीही खुला झाला नाहीं, आणि शरदृतूंत तीं स्वदेशीं परतलीं. एक खलाशी जूनमध्यें मृत्यु पावला व त्याची कबर विंटर हार्बरला राहिली. बाकीचे ९३ जण घरीं आले. पॅरीला शोधावयाचा मार्ग सांपडला नाहीं, तरी ध्रुवप्रदेशांत माणसें कशीं जगवावीं हें त्यानें जगास दाखविलें. पुढील, म्हणजे १८२१ ते १८२३ च्या, सफरींत तर त्यानें हिंवाळ्यांत खलाशांसाठीं लिहिण्यावाचण्याची शाळाच काढिली!

आमच्या त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: बाळा, ते बर्फ खरवडीत, वेळेवर रस पीत, मातीच्या पेटींत पेरीत आणि प्रार्थना करीत. थोडक्या गोष्टींत विश्वासू राहण्याविषयीं प्रभूनें जी शिकवण दिली, तिचा हा एक धडाच होय. पालकांनाही आमची विनंति आहे कीं, येत्या सुटींत मुलांकडून दोन बशांत अळीव पेरवावे. एक बशी खिडकींत व दुसरी अंधाऱ्या कपाटांत ठेवावी. आठ दिवसांनीं दोन्ही बशा शेजारीं मांडल्या म्हणजे विंटर हार्बरचा हिंवाळा घरबसल्या थोडासा समजेल.