रिकामी टांकी व वेल्डिंग

ट्रॅक्टरची डिझेलची टांकी गळूं लागली म्हणजे ती रिकामी करून वेल्डिंगास नेली जाते. ‘आंत तेल नाहीं, मग भय कसलें?’ असा समज असतो. तो घातक आहे. पेटते ती तेलाची हवेंत मिसळलेली वाफ. व तिला रिकाम्या टांकींतच अधिक जागा मिळते. पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें १.४ ते ७.६ असतां ठिणगीनें स्फोट होतो. डिझेल थंड असतां सहसा पेटत नाहीं. परंतु पत्रा तापतांच सांध्यांत व गंजाखालीं राहिलेल्या थेंबांची वाफ होते. नुसत्या पाण्यानें धुवून हे थेंब जात नाहींत. यास्तव टांकी वाफाऱ्यानें शुद्ध करून, वायुमापकानें तपासूनच हात लावणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्यावी. तसा न मिळाल्यास नवी बसवावी, हेंच श्रेयस्कर.