वर्गातील संगणक : आधी वही, मग पडदा



शाळेत संगणक आला म्हणजे शिक्षण सुधारले, असा एक समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. शाळेला देणगी द्यायची म्हटली की संगणक, प्रोजेक्टर किंवा टॅब डोळ्यांपुढे येतो. उद्घाटन होते, यंत्राला हार घातला जातो, छायाचित्र निघते. पुढे त्या यंत्राचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न घेतला आहे. वर्गात यंत्र आल्याने मूल शिकते काय? आणि शिकत असेल तर ते नेमके कशामुळे?

आम्ही शिक्षक नाही, बँकेत कारकून आहोत. परंतु दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. यंत्र हिशेब झटपट करते, पण भरलेला आकडा खरा की खोटा हे त्याला कळत नाही. म्हणूनच बँकेत एकाने नोंद भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, असा दंडक आहे. वर्गातही असाच एक दंडक हवा, असे आमचे सांगणे आहे. मुलाने आपले उत्तर आधी वहीत लिहावे आणि मगच पडद्याकडे पाहावे. वरवर ही गोष्ट लहान वाटेल; पण यंत्राचा उपयोग होतो की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरते.

थोडा इतिहास

वर्गात यंत्र आणण्याचा प्रयत्न आजचा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आपल्या देशात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचविण्यात आले. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली होती. पुढे १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला व त्यासाठी बीबीसी मायक्रो नावाचे संगणक शाळांना दिले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी संस्था उभी राहिली. मराठी मुलांच्या एका पिढीने तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिले. २०१७ मध्ये ती बंद झाली.

२००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या शाळेत झाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर कोड मोबाईलने टिपला की त्या धड्याचे दृक्श्राव्य साहित्य उघडते, ही सोय आता विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. पाठ्यपुस्तकाला असा कोड जोडण्याच्या कामासाठी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव जगभर पोचले व २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना मिळाले.

सांगायचा मुद्दा असा की, गेल्या पन्नास वर्षांत साधनांची वाण पडलेली नाही. दूरचित्रवाणी आली, संगणक आला, लॅपटॉप आला, मोबाईल आला. प्रत्येक वेळी आता शिक्षणाचा कायापालट होणार असे सांगितले गेले. मग मूल मागे का राहते?

दोन प्रयोग, दोन निकाल

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा. वर सांगितलेल्या योजनेखाली त्या देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना वाटले. त्यांचा परिणाम पाहण्यासाठी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी झाली व तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १५ महिन्यांनंतरही लॅपटॉप मिळालेल्या शाळांतील मुले भाषा व गणित या विषयांत इतरांच्या पुढे गेलेली नव्हती. यंत्र हाती होते, परंतु त्यावर नेमके काय करायचे व ते रोजच्या धड्याशी कसे जोडायचे, हे धड बसलेले नव्हते.

दुसरा प्रयोग दिल्लीचा. २०१५ मध्ये तेथील सरकारी शाळांतील ६१९ विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांना सोडत काढून शाळेबाहेरच्या केंद्रांत मोफत प्रवेश देण्यात आला. दीड तासाच्या तासिकेतील निम्मा वेळ मूल संगणकावर बसे व निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात शिक्षकाजवळ बसे. संगणकातील कार्यक्रम आधी मुलाची परीक्षा घेई. मूल सहावीत असले तरी त्याला तिसरी-चौथीचेच गणित येत असेल, तर तेथूनच प्रश्न सुरू होत. साडेचार महिन्यांनंतर गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत ही मुले सोडतीत नाव न आलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली. विशेष म्हणजे अगदी मागे पडलेल्या मुलांनाही त्याचा लाभ झाला. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन्हीकडे यंत्र होते, मग फरक कोठे पडला? दिल्लीत मुलाला सतत प्रश्न सोडवावे लागत होते, प्रश्न त्याच्या पायरीचे होते, चूक तेथल्या तेथे समजत होती आणि जवळ माणूस होता. शिकण्याचे काम मुलाने केले, यंत्राने त्याला साथ दिली. नुसते पडद्याकडे पाहत बसणे म्हणजे शिकणे नव्हे.

एका संगणकावर चाळीस मुलांचा धडा

आपल्या बहुतेक शाळांत प्रत्येक मुलापुढे संगणक ठेवणे शक्य नाही. तशी आवश्यकताही नाही. वर्गात एक संगणक आणि एक प्रोजेक्टर, किंवा एखादा मोठा दूरदर्शन संच असला तरी उत्तम धडा होऊ शकतो. उदाहरणादाखल विजेचा धडा घेऊ.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात विज्ञान व गणिताचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात. ते विनामूल्य आहेत, अनेक प्रयोग मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. त्यातील विद्युत परिपथाचा प्रयोग घ्यावा.

पहिली पायरी : संगणक अजून उघडायचा नाही. फळ्यावर तीन आकृत्या काढाव्यात. पहिलीत एक सेल व एक बल्ब. दुसरीत एक सेल आणि एकामागून एक जोडलेले दोन बल्ब, म्हणजे एकसर जोडणी. तिसरीत एक सेल आणि सेलशी स्वतंत्रपणे जोडलेले दोन बल्ब, म्हणजे समांतर जोडणी. सर्व बल्ब सारखे. मग विचारावे, दुसऱ्या व तिसऱ्या आकृतीतील बल्ब पहिल्या बल्बाच्या तुलनेत कसे पेटतील? प्रत्येकाने उत्तर व कारण वहीत लिहावे. त्यासाठी तीन मिनिटे द्यावीत.

दुसरी पायरी : हात वर करायला सांगून कोणत्या उत्तराला किती मुले, हे फळ्यावर लिहावे. कोणते उत्तर बरोबर हे शिक्षकांनी अजिबात सांगू नये. ज्यांची उत्तरे वेगळी आहेत अशा शेजाऱ्यांनी एकमेकांना आपले म्हणणे पटवून द्यावे. पुष्कळ मुलांना असे वाटते की, पहिला बल्ब वीज खाऊन टाकतो आणि दुसऱ्याला उरलीसुरली मिळते. हा समज बाहेर येणे फार महत्त्वाचे आहे. तो मनात दडून राहिला तर पाठ केलेली व्याख्या काही कामाची नाही.

तिसरी पायरी : आता पडदा उघडावा. जोडणी शिक्षकांनी करू नये, विद्यार्थ्यांनाच पुढे बोलवावे. एकसर जोडणीत दोन्ही बल्ब मंद, पण एकमेकांइतकेच पेटलेले दिसतील. समांतर जोडणीत दोन्ही बल्ब पहिल्या बल्बाइतकेच उजळ दिसतील. मग एक बल्ब काढून पाहावा. एकसर जोडणीत दुसराही विझतो, समांतर जोडणीत तो पेटलेलाच राहतो. आपल्या घरात एक दिवा गेला तरी पंखा का चालू राहतो, याचे उत्तर मुले आपण होऊन देतील.

चौथी पायरी : हाच प्रयोग खऱ्या सेलने व टॉर्चच्या बल्बांनी करावा. (घरातील विजेवर मात्र कदापि करू नये.) समांतर जोडणीत खरे बल्ब पडद्यावरच्यापेक्षा किंचित मंद वाटतील. असे का? पडद्यावरचा सेल आदर्श असतो. खऱ्या सेलला स्वतःचाही थोडा विरोध असतो आणि वापराने तो दमतो. पडद्यावर दिसते ते वस्तूचे चित्र असते, वस्तू नव्हे, हा धडा मुले येथे विजेबरोबरच शिकतात.

शेवटी प्रत्येकाने वहीतील आपल्या पहिल्या उत्तराखाली दुसरे उत्तर लिहावे. पहिले खोडू नये. आपण काय समजत होतो व आता काय समजलो, हे दोन ओळींत समोरासमोर दिसते. शिवाय या पद्धतीने मधेच वीज गेली तरी धडा बुडत नाही, कारण त्याचा निम्मा भाग वहीत झालेलाच असतो.

माहितीची पारख

इंटरनेटवरील माहितीलाही हाच नियम लावावा. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य शेकडो ठिकाणी सापडेल. शंभर ठिकाणी सापडले म्हणून ते खरे होत नाही. २००३ मध्ये यांग लिवेई हे चीनचे पहिले अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरून आले आणि आपल्याला भिंत दिसली नाही, असे त्यांनी सांगितले. चंद्र तर त्याहून कितीतरी दूर. भिंत लांब आहे हे खरे, परंतु रुंदीला ती काही मीटरच आहे. एवढे अंतर व एवढी रुंदी यांचे गणित विद्यार्थ्याने आधी स्वतः मांडले, तर त्याला कोणी सहज फसवू शकणार नाही.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक माहितीला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? आणि पहिल्याची नक्कल नसलेल्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ते सापडते काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर निबंधही तयार मिळू लागले आहेत. असे कार्यक्रम चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. आपला निबंध आधी लिहून मग त्यातील उणिवा त्याला विचारल्या, तर लाभ आहे. तयार निबंध उतरवून घेतला, तर परीक्षेच्या दालनात हाताशी काहीच उरत नाही.

आपण काय करू शकतो?

‘असर’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०२४ मध्ये असे आढळले की, १४ ते १६ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलामुलींपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. यातही स्वतःचा फोन असणारे मुलगे १०० पैकी सुमारे ३६, तर मुली सुमारे २७. म्हणजे फोन घरात येतो तेव्हाही तो बहुधा आधी मुलाच्या हाती जातो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आल्या, तेव्हा एका खोलीत एक फोन आणि तीन भावंडे असलेल्या घरांत कोणाचा अभ्यास मागे पडला, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हे साधन फार मोठे आहे. आणि तेच साधन नुसते पाहण्यापुरते उरले, तर सर्वांत मोठे नुकसानही त्यांचेच आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. संस्थांनी नवी यंत्रे घेण्याआधी असलेली यंत्रे चालू करावीत. अभ्यासिकेत एक संगणक असावा. बालभारतीची पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. ती व वर सांगितलेले प्रयोग त्यात भरून ठेवावेत, म्हणजे इंटरनेटचा खर्च व त्यावरचे भटकणे दोन्ही वाचेल. वेळापत्रक लावावे आणि मुलींच्या वेळा त्यात आधी लिहाव्यात. संध्याकाळी एखाद्या पदवीधर सभासदाने तासभर शेजारी बसावे. त्याला सगळे यायलाच हवे असे नाही. ‘तुला काय वाटते, आधी लिही,’ एवढे म्हणणारा माणूस पुरे.

आणि संगणकाशेजारी एक नोंदवही ठेवावी. तिच्यात चार रकाने असावेत : नाव, कोणता प्रश्न घेऊन बसलो, आधी काय वाटत होते, आणि काय सापडले व कोठे. ज्याच्याजवळ प्रश्न नाही त्याने त्या दिवशी पुस्तक वाचावे. वर्षअखेरीस ही नोंदवही चाळली, तर आपल्या देणगीचे काय झाले हे कोणत्याही अहवालाहून चांगले समजेल.

विद्यार्थी मित्रांनो, बँकेत तुम्ही यंत्रातून पैसे काढता तेव्हा यंत्र तुम्हाला पैसे देत नाही, तुमच्या खात्यात जमा असलेले काढून देते. विद्येचेही तसेच आहे. वहीत जे स्वतः कमावून लिहाल, तेच तुमच्या खाती जमा होईल.