बाई, तुम्हीच सांगा ना!

दहावीचा निकाल लागला की आमच्या डोंबिवलीत पेढे आणायच्या आधी फोन वाजतो. पलीकडून गोड आवाज: "मुलाच्या करिअरचं काही ठरवलंत का? रविवारी मोफत सेमिनार आहे. आईबाबा दोघांनी यायचं हं." आपला नंबर यांना कुणी दिला, हे विचारायचं त्या गडबडीत सुचतही नाही.

मी शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले तरी जून उजाडला की संध्याकाळी पालक येतात. चहा होतो आणि प्रश्न येतो, "बाई, तुम्हीच सांगा ना! की बाहेर कुठे समुपदेशकाकडे नेऊ?"

खरं सांगू? तुमचं मूल मला ठाऊक आहे आणि तीच माझी अडचण आहे. भाषेच्या पेपरात जेमतेम पास होणारा एक मुलगा माझ्या डोक्यात 'कच्चा' म्हणून पक्का बसला होता. त्याच्या वडिलांना मी सांगितलं, झेपेल ते घ्या. त्यांनी माझं ऐकलं नाही, बाहेरून अभिक्षमता चाचणी करून आणली. आकृत्या मनातल्या मनात फिरवून पाहण्यात पोरगा वर्गातल्या हुशार मुलांच्या पुढे निघाला. आज तो अंबरनाथच्या एका कारखान्यात साचे बनवतो. मी सहामाहीच्या गुणांवरून निकाल देऊन मोकळी झाले होते.

पण बाहेरचा माणूसही तासाभरात जेवढं दिसतं तेवढंच पाहतो. अभिक्षमता आणि कल मोजणाऱ्या चाचण्या वाईट नसतात. आपल्या राज्य मंडळानेच 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती, तीही मोफत. किती घरांत तो अहवाल कुणी शेजारी बसून वाचला? बहुतेक ठिकाणी तो गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये गेला आणि तिथेच राहिला. अहवाल शाळेत परत आणा. वर्गशिक्षकांपुढे ठेवून विचारा, यातलं काय पटतं, काय पटत नाही. एवढं फारसं कुणी करत नाही.

घरचे की बाहेरचे, याहून मला वेगळीच शंका छळते. या सल्ल्यावर कुणाचं काय अवलंबून आहे? शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर तिथल्या रिकाम्या जागा सरांनाही दिसत असतात. मामांना भाच्यात आपलं हुकलेलं इंजिनिअरिंग दिसतं. क्लासच्या 'मोफत' समुपदेशनात तर उत्तर आधीच छापलेलं असतं, फक्त मुलाचं नाव भरायचं. कॉलेज आणि क्लास यांची 'इंटिग्रेटेड' हातमिळवणी इतकी वाढली की 2018 मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणली. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने प्रवेश देऊ नये, रँकची हमी देऊ नये. तरी आठवीच्या फाउंडेशन बॅचचे फलक वाचत वाचतच आपण स्टेशन गाठतो. म्हणून समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, तुमचं कुठल्या क्लासशी, कॉलेजशी काही आहे का? चाचणी संपता संपता तो पॅकेज काढू लागला, तर चहा अर्धा टाकून उठा.

आपल्या पट्ट्याचं एक भाग्य आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. त्यांच्या 'वेध' या करिअर परिषदेचं लोण कल्याणपर्यंत आणि पुढे कितीतरी गावांत गेलं. तिथे कुणी 'हे निवड' म्हणत नाही. वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं मंचावर बसून आपली धडपड सांगतात आणि मूल ऐकतं. स्पर्धा परीक्षांचं मनात असेल, तर ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था 1987 पासून आहे. लाखभर फी भरायच्या आधी तिथे एक फेरी मारायला काय हरकत आहे?

गेल्या वर्षी मोठागावातली एक आई जाडजूड अहवाल घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, मुलगी अबोल आहे, माणसांत मिसळण्याच्या कामाला नको. मला हसू आलं. बोलताना ती अडखळते, म्हणून अनोळखी माणसापुढे गप्प राहते. पण याच मुलीने वर्षभर सकाळी साडेसहाला वीस जणींना उठवून खो-खोच्या मैदानावर आणलं होतं. मी म्हटलं, थांबा, तिलाच विचारू. हाक मारली. ती आली, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अडखळत पण ठामपणे म्हणाली, "बाई, आधी आईला जरा बाहेर बसायला सांगा."