मी कोठे आहे?

संगणकावर ज्या साधनाच्या द्वारे आपण निरनिराळी संकेतस्थळे पाहतो, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे होत. एकाच संगणकावर दोन ब्राउझर उघडावेत आणि नकाशाला आपले ठिकाण विचारावे. कधी कधी एक ब्राउझर नेमका आपल्या गल्लीवर बोट ठेवतो, तर दुसरा आपल्याला थेट परगावी नेऊन सोडतो! संगणक तर जागचा हललेला नसतो. मग उत्तरांत हा फरक का पडावा?

याचे कारण असे, की ब्राउझरला आपले ठिकाण स्वतःहून ठाऊक नसते. अनोळखी गावी आलेला वाटसरू जशी लोकांकडे चौकशी करतो, तशी तोही करतो. ज्याला विचारावे, त्याच्या माहितीप्रमाणे उत्तर मिळते.

पहिले जाणकार म्हणजे जीपीएसचे उपग्रह. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. मोकळ्या आकाशाखाली त्यांच्या संदेशांवरून मोबाइलला आपली जागा साधारणतः ५ मीटरच्या आत कळते. परंतु छपराखाली हे संदेश क्षीण होतात आणि बहुतेक संगणकांत ते ग्रहण करण्याची सोयच नसते.

दुसरे जाणकार म्हणजे आसपासची वाय-फाय यंत्रे. प्रत्येक यंत्रास स्वतःचा क्रमांक असतो. कोणते यंत्र कोठे आहे, याच्या प्रचंड नोंदी गूगल, ॲपल यांसारख्या कंपन्यांनी ठेवल्या आहेत. सफारी ॲपलच्या नोंदींचा आधार घेतो. इतर ब्राउझर अन्य नोंदीही पाहू शकतात. मोझिला या संस्थेने २०१३ साली सुरू केलेली अशीच एक सेवा २०२४ साली बंद झाली. ज्या नोंदी अपुऱ्या, तेथील उत्तरही ढोबळ. दाट वस्तीच्या शहरात नोंदी विपुल असतात, आडगावी विरळ.

दोन्ही मार्ग खुंटले, की उरतो तो इंटरनेटचा आयपी पत्ता. तो पत्ता आपल्या घराचा नव्हे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून तो मिळतो. म्हणून साताऱ्यात बसलेला मुलगा नकाशावर पुण्यात किंवा मुंबईतही दिसू शकतो.

यात आपल्या अनुमतीचाही वाटा असतो. आयफोनवर २०२० सालापासून एखाद्या ब्राउझरला केवळ अंदाजे ठिकाण सांगण्याची मुभा आहे. अशी मर्यादा घातलेल्या ब्राउझरला तेवढेच कळणार!

तरी ब्राउझर एक गोष्ट प्रामाणिकपणे करतो. ठिकाणाबरोबरच चूक किती मीटरपर्यंत असू शकेल, याचा अंदाजही तो कळवतो. नकाशावर ठिपक्याभोवती दिसणारे फिकट वर्तुळ म्हणजे हा अंदाज होय. वर्तुळ लहान, तर भरवसा अधिक; मोठे, तर कमी.

ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. घरी कोणी अकस्मात आजारी पडले आणि रुग्णवाहिका बोलवायची असली, तर केवळ ठिपक्यावर विसंबून राहू नये. गाव, गल्ली आणि जवळची ठळक खूण आपल्या तोंडाने स्पष्ट सांगावी. यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु ते कोणाच्या माहितीवर बोलत आहे, हे ओळखूनच घ्यावे.

स्वाध्याय
१. एकाच संगणकावरील दोन ब्राउझर भिन्न ठिकाणे का दाखवतात?
२. ठिपक्याभोवतीचे वर्तुळ काय सुचवते?
३. आपल्या घराचा पत्ता जवळच्या खुणेसह चार वाक्यांत लिहा.