गुणपत्रकाबरोबर आरोग्यपत्रकही : जळकोट तालुक्यातील माध्यमिक शाळा आणि पालक

लातूर जिल्ह्याच्या ईशान्येस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून, बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशात जळकोट तालुका पसरलेला आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला आणि जळकोट हा स्वतंत्र तालुका म्हणून १९९९ मध्ये अस्तित्वात आला. तोपर्यंत तहसिलीच्या कामासाठी जळकोटकरांना उदगीर गाठावे लागे. हलकी जमीन, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या व तांडे असे या भागाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि घरी आजी-आजोबा व शाळेत जाणारी मुले राहतात. अशा तालुक्यात माध्यमिक शाळेने पालकांना काय कळवावे, केव्हा कळवावे आणि कोणत्या शब्दांत कळवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आठवी संपते तेव्हा

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना त्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. शालेय पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके यांचा लाभही पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांपर्यंतच पोहोचतो. नववीच्या वर्गात पाऊल ठेवताच दुपारचा भात-वरणाचा घास थांबतो आणि पुस्तके विकत घ्यावी लागतात. घराजवळची शाळा संपून मोठ्या गावच्या विद्यालयाची वाट धरावी लागते, ती वेगळीच.

नेमका हाच काळ शरीराच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीचा असतो. तेरा ते सोळा या वयात उंची, स्नायू व रक्त यांची वाढ होत असताना लोहाची गरज वाढते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीमुळे ती आणखी वाढते. आहाराचा एक आधार सुटणे, शरीराची मागणी वाढणे आणि शालान्त परीक्षेचा ताण सुरू होणे, या तिन्ही गोष्टी एकाच दोन-तीन वर्षांत येतात. तरीही शाळेकडून घरी जाणारा निरोप बहुधा एकाच स्वरूपाचा असतो. चाचणीत किती गुण मिळाले, फी भरावयाची राहिली आहे काय, आणि गैरहजेरी का झाली, एवढाच. मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, किंवा फळ्यावरचे अक्षर मुलाला दिसते की नाही, हे घरी कळविण्याची रीत आपल्याकडे अद्याप पडलेली नाही.

रक्तक्षय आणि अभ्यास

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) मुलींचे हेच प्रमाण ५४.१ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात ते वाढले आहे. पन्नास मुलींच्या वर्गात देशाच्या सरासरीने साधारण तीस मुली अशा असतात. शिक्षकाने वर्गावर नजर फिरवताना हा हिशेब मनात ठेवावा.

बारा वर्षांवरील मुलींमध्ये हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजला जातो. पंधरा वर्षांवरील मुलांसाठी ही मर्यादा १३ ग्रॅम आहे. खेड्यात त्याला 'अंगात रक्त कमी' म्हणतात, आणि ते बहुधा बाळंतिणीच्या संदर्भात. शाळकरी मुलीला दम लागतो, डोके दुखते, वाचलेले ध्यानात राहत नाही, चौथ्या तासाला पेंग येते; तेव्हा मात्र घरचे तिला आळशी ठरवितात आणि शाळा तिला 'सर्वसाधारण' म्हणते. तिच्या गुणपत्रकातील काही गुण या आजाराने खाल्लेले असू शकतात, ही गोष्ट पालकसभेत कोणी सांगत नाही.

उपाय दुर्लभ नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमानुसार दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली निळी गोळी द्यावयाची असते, आणि वर्षातून दोन वेळा जंतनाशक गोळी. निळी गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, आणि शौचाचा रंग काळसर होतो. या दोन गोष्टी घरी आधी न सांगितल्यामुळेच गोळी दप्तरात राहते किंवा शाळेच्या कुंपणापलीकडे जाते. गोळी जेवणानंतर, शिक्षकांच्या समोर घ्यावी. तिच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. लिंबू किंवा आवळा सोबत असल्यास उलट मदत होते. शेवग्याचा पाला, तीळ, डाळी व मोड आलेली कडधान्ये ही तर या मातीतलीच आहेत. जेवताना कपभर चहा बाजूला ठेवण्याची आपल्या घरांतील सवय मोडली, तर एका पैशाचाही खर्च न होता फायदा होईल. मात्र हिमोग्लोबिन मर्यादेपेक्षा कमी आढळल्यास आठवड्याची गोळी पुरत नाही. अशा विद्यार्थिनीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविलेच पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत आरोग्य पथकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन जन्मतः असलेले दोष, पोषणातील उणिवा, आजार व विकासातील विलंब यांची तपासणी करावयाची असते. पथक येते, तपासणी होते, नोंदवही भरते. परंतु ज्याला पुढे पाठवावयाचे ठरले त्याच्या आईवडिलांना चिठ्ठी मिळाली काय, हा दुवा बऱ्याच ठिकाणी कच्चा राहतो. चष्म्याचा नंबर निघालेल्या मुलाचे वडील कारखान्यावर असतील, तर चष्मा चैत्रापर्यंत लांबतो आणि तोपर्यंत शालान्त परीक्षा होऊन गेलेली असते.

महाविद्यालयाची वाट

मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा आले, हे सर्वज्ञात आहे. निजामी राजवटीत विद्यापीठ हैदराबादेस होते आणि माध्यम उर्दू होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, औरंगाबादचे विद्यापीठ १९५८ मध्ये, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये स्थापन झाले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे सुरू झाले. जळकोटच्या आजोबांच्या पिढीला जी गोष्ट परप्रांतासारखी दूर होती, ती नातवंडांच्या पिढीला एस. टी.च्या एका प्रवासाइतकी जवळ आली.

या प्रगतीचे एक अपत्य म्हणजे 'लातूर पॅटर्न'. वारंवार सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि जादा तास या परिश्रमांतून लातूरच्या महाविद्यालयांनी नाव कमावले, ते योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, दहावीला बरे गुण मिळाले की मुलाला लातूरला ठेवावयाचे आणि डॉक्टरच करावयाचे, याहून दुसरा विचार घराघरांत होईनासा झाला. भाड्याची खोली, खानावळीचा डबा, अपुरी झोप आणि घरच्या कर्जाची जाणीव यांचे ओझे सोळा वर्षांचा मुलगा मुकाट्याने वाहतो. अशा वेळी शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येकाच्या वहीवर लिहून घ्यावा.

आणि डॉक्टरकीखेरीज काय, याचे उत्तर शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. जळकोटच्या शेजारी, उदगीर येथे, पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान व मत्स्यविज्ञान अशी तीन शासकीय महाविद्यालये आहेत. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ती संलग्न आहेत. पशुवैद्यकाचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. दुग्धतंत्रज्ञानास बारावीला गणित लागते. म्हणून अकरावीत गणित सोडताना कोणते दार बंद होत आहे, हे मुलाला आणि पालकाला ठाऊक असावे.

कागदपत्रांचा प्रश्न

गुण असूनही प्रवेश हुकतो तो पुष्कळदा कागदासाठी. शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले आणि त्यात दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एका काना-मात्रेचा फरक असला, तरी पुढे शिष्यवृत्ती अडते. ही दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असतानाच सुलभ असते. दाखला हाती पडल्यावर तीच क्लिष्ट होऊन बसते. नववीच्या पहिल्या सत्रात वर्गशिक्षकांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जात वैधता प्रमाणपत्राचे काम याहून जिकिरीचे. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्या आजोबांनी कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, त्यांचा पुरावा नातवाने कोठून आणावा? तांड्यावरील कुटुंबांना ही अडचण अधिक भासते. जुने महसुली अभिलेख, काही ठिकाणी उर्दू लिपीतील, शोधावे लागतात, चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याचा आधार घ्यावा लागतो. बारावीच्या जून महिन्यात हे होण्यासारखे नसते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीतच अर्ज करावा, आणि पुराव्यांचा शोध दहावीतच सुरू करावा. येथे ग्रामपंचायत सदस्य जे साहाय्य करू शकतील, ते शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असल्यास आणि विद्यार्थी निवडला गेल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आठवीनंतर बंद होणारा आधार काही अंशी येथून भरून निघतो. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. 'खर्च कोठून करावा' म्हणून दहावीनंतर मुलीचे लग्न उरकणाऱ्या बापाला हे वेळेवर कळले पाहिजे. राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे पाचव्या सर्वेक्षणात दिसले. गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, आहे. पालकसभेत त्यांना खुर्ची द्यावी.

सभा केव्हा आणि पत्र कसे

पालकसभा बहुधा सहामाही परीक्षेच्या निकालानंतर, दिवाळीच्या सुमारास भरते. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात. जळकोटसारख्या तालुक्यात नववी-दहावीची सभा पोळा ते दसरा या अवधीत घ्यावी. तीही शाळेत एक आणि तांड्यावर एक. सभेपूर्वी आरोग्य तपासणी झालेली असेल असे प्राथमिक आरोग्य केंद्राशी ठरवून घ्यावे. निष्कर्ष मात्र सभेत जाहीर वाचू नयेत. मुलीच्या आजाराची चर्चा गावभर झाली, तर पुढच्या वर्षी ती रक्त तपासू देणार नाही.

प्रत्येक पालकाला एक पानाचे पत्र द्यावे. त्याचा नमुना साधारण असा असावा : "आपल्या मुलीचे हिमोग्लोबिन ९.८ आहे, ते १२ असावयास हवे. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन उपचार सुरू करावेत. जेवणासोबत चहा देऊ नये. आपण बाहेरगावी असताना तिला दवाखान्यात कोण नेईल, त्यांचे नाव व दूरध्वनी क्रमांक खाली लिहावा. गणितात तिला ६२ गुण आहेत. पुढे विज्ञान शाखा घेण्याची तिची इच्छा आहे. उत्पन्नाचा दाखला व आजोबांच्या जातीचा पुरावा निघण्यापूर्वी काढून ठेवावा." पत्राची दुसरी प्रत वर्गशिक्षकांच्या फाइलमध्ये राहावी आणि जानेवारीत ती पुन्हा उघडावी.

ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तेथे हे पत्र विद्यार्थ्यानेच वाचून दाखवावे. तांड्यावर ते गोरमाटी बोलीत समजावून सांगावे. पालक कारखान्याच्या तळावर असतील, तर त्याच पत्राचे छायाचित्र मुकादमाच्या नव्हे, वडिलांच्या किंवा आईच्या भ्रमणध्वनीवर पाठवावे.