परदेशातील नोकरी आणि शिकलेल्यांची जबाबदारी
(बी. ए., द्वितीय वर्ष)

नोकरीसाठी परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याच्या तरुणांचा राहिलेला नाही. किल्लारीसारख्या गावातही चहाच्या टपरीवर दुबई-कतारच्या गोष्टी निघतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ साली परदेशातून भारतात आलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आले; केरळचा वाटा १९.७ टक्के होता. तेव्हा हे वारे आपल्याकडेही पोहोचावे, यात नवल नाही.

माझ्या घरी हा प्रश्न गेल्या दिवाळीनंतर आला. माझे वडील, अण्णा, गवंडी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने त्यांची शाळा सातवीतच संपवली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्या कामावर ते बिगारी म्हणून लागले आणि गवंडी होऊन बाहेर पडले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एका एजंटाने आखाती देशात अण्णांना गवंडीकाम आणि मला गोदामातील कारकुनी देऊ केली. माणशी दीड लाख रुपये मागितले. त्यासाठी रान गहाण ठेवावे लागणार होते. अण्णा एवढेच म्हणाले, “तू शिकलेला हाईस. कागद वाच, मग बोलू.”

म्हणून मी नियम वाचावयास घेतले. त्यातून जे समजले, ते वर्गमित्रांपुढे मांडतो.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचे पारपत्र सर्वसाधारणपणे ‘ईसीआर’ प्रकारचे असते. अशा व्यक्तीस आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी तिच्या नोकरीची कागदपत्रे पाहतो. दहा लाख रुपयांचा अपघात विमाही सक्तीचा असतो. दहावी उत्तीर्ण झालेल्यास मात्र ही परवानगी लागत नाही.

म्हणजे आमच्या घरी काय होणार? अण्णांचा करार सरकार पाहणार आणि माझा कोणीच पाहणार नाही! शिकलेला माणूस आपले हित स्वतः पाहील, असे कायदा गृहीत धरतो. परंतु दहावी पास होणे वेगळे आणि इंग्रजी करारनामा उमगणे वेगळे, हे आपण सर्वच जाणतो. शिक्षणाने सूट मिळते, तशी जबाबदारीही येते.

ती कशी पार पाडावी? पहिली गोष्ट, एजंट नोंदणीकृत आहे काय, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. दुसरी, सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० रुपये होतात आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. दीड लाख म्हणजे याच्या चौपटीहून अधिक. तिसरी, व्हिसा नोकरीचाच हवा. ‘आधी पर्यटक म्हणून चला, तिथे बदलून घेऊ,’ या बोलण्यास भुलू नये. चौथी, कर्ज. आखातात कामगाराचा राहण्याचा परवाना बहुधा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी बदलण्यास मालकाचे ना-हरकत पत्र लागण्याची अट कतारने २०२० साली काढली. पण सर्वत्र एकच नियम नाही. डोक्यावर गावचे व्याज असेल तर जाचाची नोकरीही सोडता येत नाही. म्हणून जाण्यापूर्वी परतीचा हिशेब करावा.

हे भय नवे नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्यातील बहुतेकांना आपला करार वाचता येत नव्हता. आपल्याला वाचता येते, एवढाच काय तो फरक. पण तो मोठा आहे.

तरीही ‘जाऊच नये’ असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात गवंडीकाम थांबते, तेव्हा घरी काय होते ते मी पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात मागणी होती ती परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर अशा हातात कला असणाऱ्यांना; आणि त्यांनाही आधी जर्मन भाषा शिकणे भाग होते. नुसत्या बी. ए.ला तेथे दार नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

आम्ही एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागितला. तो अद्याप आलेला नाही, आणि रानही गहाण पडलेले नाही. मी पदवी पूर्ण करणार आहे आणि सुटीत अण्णांच्या हाताखाली काम शिकणार आहे. पुढे परदेशी गेलोच, तर कारकुनीच्या भरवशावर जाणार नाही. दरम्यान ज्या मित्राच्या घरी असा कागद आला असेल, त्याने सही करण्याआधी तो वाचनालयात घेऊन यावा. इंग्रजीचे सर मदतीस आहेतच; आपण मिळून तो ओळीओळीने वाचू.